बंद सोमवारचे एकशे त्रेसष्ट

पेढे दोन ठिकाणांहून आले होते आणि सकाळची पहिली कुरबुर तिथेच झाली.

श्रीनाथ चौबळांनी भिवंडीतल्या नेहमीच्या दुकानातून अर्धा किलो आणले होते. पुतण्या आल्हादने ठाण्याहून अर्धा किलो आणले होते, आणि त्याच्या डब्यावर मौजवनच्या सशाचं चित्र चिकटवलेलं होतं. दोन्ही डबे ऑफिसच्या टेबलावर शेजारी शेजारी बसले. ताई आल्या की आधी कुठला उघडायचा, हा विषय दोघांनीही काढला नाही. श्रीनाथांनी मात्र कॅलेंडर सरळ करायला उठताना आपला डबा बोटभर पुढे सरकवला, आणि आल्हादने खिडकी उघडायला उठताना आपला.

पेढ्यांचं कारण भिंतीवर टाचलेलं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मौजवनमध्ये रोज सरासरी किती माणसं आली: गेल्या वर्षी चारशे दहा, यंदा पाचशे नव्वद. खाली लाल शाईत, वाढ ४३.९ टक्के. श्रीनाथांनी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. नुसतं चव्वेचाळीस लिहिणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

ताईंना तेहेतीस टक्केच पुरणार होते. मौजवन उभं केलं ते मधल्या भावाने, केसरीनाथने, वळ गावाच्या कडेला, आजूबाजूला भातशेतीशिवाय काही नव्हतं तेव्हा. जाताना त्याने लिहून ठेवलं की श्रीनाथ आणि माझा मुलगा आल्हाद यांचं एखाद्या गोष्टीवर जमलं नाही, तर थोरल्या विद्युल्लताताईचा शब्द अखेरचा. त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्यांचं कुठल्याच गोष्टीवर जमलं नव्हतं. आता पार्कच्या तिन्ही बाजूंना गोदामं होती. चौथ्या बाजूला डोंगर होता म्हणून तिथे नव्हती. गोदामवाल्यांपैकी एका कंपनीने मौजवनची जागा तीस वर्षांच्या भाड्याने मागितली, तेव्हा ताईंनी गणपतीची आरती झाल्यावर हातातलं तबक खाली न ठेवताच निकाल दिला. या तीन महिन्यांत माणसं एक तृतीयांशाने वाढली तर पार्क राहील. नाही वाढली तर मी सही करणार, आणि पुढे कोणी माझ्याकडे कोणाची तक्रार घेऊन यायचं नाही. कंपनीला उत्तर आज, सोमवारी, दुपारी दोन वाजता फोनवर द्यायचं होतं.

म्हणजे प्रश्न सुटला होता. तो कोणी सोडवला, एवढंच उरलं होतं.

श्रीनाथांच्या मते तो महाभोवऱ्याने सोडवला. गुजरातमधून जुना आणलेला, नवा रंग दिलेला, अठरा खुर्च्यांचा हा भोवरा दसऱ्याला सुरू झाला होता. प्रत्येक फेरीआधी श्रीनाथ स्वतः भोंग्यावरून अडीच मिनिटं माहिती सांगत: आता तुम्हाला बाहेर फेकल्यासारखं वाटेल, पण ते बल खरं नाही, आभासी आहे, घाबरू नये. ही माहिती ते पट्टे बांधून झाल्यावर सांगत, कारण आधी सांगितली की लोक उठून पाळण्याकडे जात.

आल्हादच्या मते तो जाहिरातीने सोडवला. सशाचा पोशाख, मोबाइलवरच्या चित्रफिती, बुधवारी एकावर एक मोफत आणि कशेळीचं मोठं होर्डिंग, हे सगळं त्याचं.

"लोक भोवऱ्यात बसतात हे मान्य, काका," तो म्हणाला. "पण भोवरा आहे हे त्यांना कोणी सांगितलं?"

"डोळ्यांनी. तीस फूट उंच आहे तो."

"कशेळीहून दिसत नाही."

खिडकीशी श्रीनाथांची मुलगी निवेदिता बसली होती. तिने मांडीवर एक कापडी पिशवी धरली होती आणि ती दोनदा सांगूनही तिने खाली ठेवली नव्हती.

*

विद्युल्लताताई त्या वेळी कशेळीलाच अडकल्या होत्या.

ठाण्याहून निघालेली रिक्षा खाडी ओलांडून वीस मिनिटं एकाच जागी उभी होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि अशा वेळी त्या वेळ मोजत नसत, आकडे बघत. गाड्यांच्या नंबरांतल्या मूळ संख्या शोधणं हा त्यांचा गणिताच्या शिक्षिका असल्यापासूनचा विरंगुळा होता. मागच्या कंटेनरचा नंबर बघायला त्या वळल्या आणि त्यांना ससा दिसला. होर्डिंगवरचा ससा हात पसरून विचारत होता, 'आज येताय ना मौजवनला?'

ससा विचारत होता तो भिवंडीहून ठाण्याला जाणाऱ्यांना. भिवंडीकडे जाणाऱ्यांना होर्डिंगच्या मागच्या लोखंडी पट्ट्या दिसत.

त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, हे कधी वाचलंय का. तो म्हणाला, रोज वाचतो, संध्याकाळी घरी जाताना. त्याला ससा आवडला होता. मौजवन कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं.

ताईंनी पदर सावरला. मनातून त्यांना काय हवं होतं, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. गेली अकरा वर्षं दर सोमवारी रात्री जेवणाआधी श्रीचा फोन येई आणि जेवणानंतर आल्हादचा. आमटी मध्ये निवायची. सही केली तर आमटी गरम मिळणार होती. पण अट त्यांनीच घातली होती, आणि आल्हादने काल मोठ्या आवाजात सांगितलं होतं की ती पूर्ण झाली. तर झाली. शब्द म्हणजे शब्द.

*

त्या पोचल्या तेव्हा पावणेबारा झाले होते. दोन्ही डबे एकदम पुढे आले. ताईंनी दोन्हींकडे पाहिलं, मला साखर आहे हे दोघेही विसरलात म्हणाल्या, आणि दोन्ही झाकणं लावून डबे खिडकीत ठेवून दिले.

मग तक्ता वाचून दाखवला गेला. ताईंनी एकच शंका काढली. माणसं चव्वेचाळीस टक्के वाढली, तर तिकिटं तेवढी का नाही वाढली? यावर दोघांकडेही उत्तर तयार होतं. केसरीनाथपासून मौजवनमध्ये एका तिकिटावर अख्खं कुटुंब येत असे, आणि कुटुंब कोणाला म्हणायचं हे येणाऱ्यावर सोडलेलं होतं. कामतघरहून एकदा एका तिकिटावर लूमच्या एका शिफ्टचे बावीस भाऊ आले होते. त्यामुळे तिकिटांवरून माणसं कळत नसत, हे आल्हादचं म्हणणं. आणि जी काही कळली असती ती बुधवारच्या फुकटेगिरीने बुडवली, हे श्रीनाथांचं. म्हणून तर दसऱ्याला भोवऱ्याबरोबरच फाटकावर फिरता दांडा बसवला होता. आत येणाऱ्याने तो ढकलायचा, खट आवाज होतो, आणि ऑफिसच्या भिंतीवरच्या डबीत लाल आकडा एकाने वाढतो. यंत्राला भाऊ आणि चुलतभाऊ यांतला फरक कळत नाही, माणूस कळतो.

"बरं," ताई म्हणाल्या. "मग झालं तर."

निवेदिताने पिशवी टेबलावर ठेवली.

ती सव्वीस वर्षांची होती, संख्याशास्त्रात एम.एस्सी. होती आणि ठाण्याच्या एका औषध कंपनीत औषधं खरंच लागू पडतात का हे तपासायचं काम करत होती. शनिवारी बाबांनी तिला तक्ता सुबक करून मागितला होता. सुबक करायला तिने यंत्राच्या रोजच्या नोंदी मागवल्या, आणि तेव्हापासून तिला जेवण नीट गेलं नव्हतं. पार्कमधल्या पाळण्यावर ती लहानाची मोठी झाली होती. आता तोंड उघडलं तर पार्क जाणार होता, आणि नाही उघडलं तर तिला स्वतःशीच बोलणं कठीण होणार होतं.

"आत्या, सोमवारी पार्क बंद असतो ना?"

ताई म्हणाल्या, असतो, म्हणून तर आज आपण सगळे इथे बसलोय.

"यंत्राच्या नोंदीत सोमवारसुद्धा आहेत. तेरा सोमवार. सरासरी एकशे त्रेसष्ट माणसं."

आल्हादने हे जाहिरातीचंच यश असल्याचं सांगितलं: लोक इतके उत्सुक असतात की बंद आहे हे न बघताच येतात. श्रीनाथांनी ते उडवून लावलं. बंद दिवशी आकडा दिसतो तो यंत्राचा दोष. कुठलंही उपकरण शून्यावर अगदी शून्य दाखवत नाही.

"शून्य त्रुटी," निवेदिता म्हणाली.

"बरोबर. शून्य त्रुटी."

"बाबा, मुलांच्या हातात व्हर्नियर देताना तुम्ही काय सांगायचात?"

हा प्रश्न श्रीनाथांना कोणी झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी उत्तर दिलं असतं. "आधी जबडे मिटून वाचन घ्या," ते म्हणाले. "ते शून्य नसेल, तर पुढच्या प्रत्येक मापातून तेवढं..."

ते थांबले.

"वजा करा," ताईंनी वाक्य पुरं केलं. त्यांनी ते तोंडीच करूनही टाकलं. "पाचशे नव्वदातून एकशे त्रेसष्ट. चारशे सत्तावीस. म्हणजे चारच टक्के वाढ, श्री."

*

आल्हादच्या आयुष्यात पुढचा अर्धा तास अपूर्व होता, कारण त्यात तो आणि काका एका बाजूला होते.

त्याने खुर्ची उचलून काकांच्या शेजारी नेली. सोमवारची माणसं रविवारातून कशी वजा करता येतील, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, अगदी बरोबर बोलतोय तो. 'अगदी बरोबर बोलतोय तो' हे शब्द आल्हादने काकांच्या तोंडून यापूर्वी ऐकले होते, पण ते नेहमी दुसऱ्या कोणाबद्दल असत. त्याला बरं वाटलं. त्याने पुढे असंही सांगितलं की औषधांचे नियम माणसांच्या मौजेला लागत नाहीत. काकांनी मान डोलावली.

निवेदिता म्हणाली की शंका रास्त आहे, आणि म्हणूनच आपण दुसऱ्या उपकरणाने मोजून पाहिलं. तिने पिशवी उलटी केली. धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत बांधलेले चिंचोके टेबलावर पसरले.

यांचा इतिहास खोलीत सगळ्यांना माहीत होता. फाटकावरचा देवू गेली बावीस वर्षं आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे डब्यात एक चिंचोका टाकत असे. संध्याकाळी तो डबा गुरुजींकडे, म्हणजे श्रीनाथांकडे येई, आणि ते दहा-दहाचे ढीग करून आकडा लिहीत. गेल्या वर्षीचे चारशे दहा हे चिंचोक्यांचे होते. यंदाचे पाचशे नव्वद यंत्राचे. यंत्र आल्यावर गुरुजींनी डबा मागणं थांबवलं. देवूला चिंचोके थांबव असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तो दिवसाचा हिशोब दुधाच्या पिशवीत बांधून केबिनमध्ये लटकवत राहिला. रविवारच्या पिशवीला लाल दोरा.

"एकोणऐंशी पिशव्या आहेत. हा नमुना," निवेदिता म्हणाली. "मोजत बसले नाही, कॅन्टीनच्या काट्यावर तोलले. शंभर चिंचोक्यांचे सत्तर ग्रॅम. रोजची सरासरी चारशे सव्वीस निघते."

यंत्रातून वजाबाकी करून चारशे सत्तावीस, चिंचोक्यांनी चारशे सव्वीस. आल्हादने काकांकडे पाहिलं. काका चिंचोक्यांकडे पाहत होते.

मग तिने उरलेलंही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं तिला जमत नसे. भोवरा सुरू झाल्यावर तीन रविवार गर्दी खरोखर उसळली होती, दोनशेच्या आसपास माणसं जास्त. चौथ्या रविवारी ती होती तिथे आली. ज्यांना बसायचं होतं ते बसून गेले. हे ऐकताना आल्हादच्या चेहऱ्यावर नकळत समाधान पसरलं आणि त्याची खुर्ची काकांपासून वीतभर दूर सरकली. बुधवारी नव्वद माणसं वाढली होती, निवेदिता पुढे म्हणाली, पण मंगळवार आणि गुरुवार मिळून पंच्याऐंशी कमी झाली. तीच माणसं वार बदलून आली. आता समाधान श्रीनाथांच्या चेहऱ्यावर गेलं.

"आणि तुझं होर्डिंग उलट्या तोंडाचं आहे," ताई आल्हादला म्हणाल्या.

"उलटं कसं? तिथे सगळ्यात जास्त वेळ ट्रॅफिक तुंबतो. मी स्वतः मोजलाय."

"कुठल्या बाजूचा?"

आल्हादने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि भिंतीवरची डबी वाजली. खट.

चौघांनी वर पाहिलं. सकाळपासून सहावर थांबलेला आकडा सात झाला होता. मग आठ. मग खट-खट-खट करत अकरा. घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती, दिवस सोमवार होता, आणि मौजवन बंद होतं.

*

देवूला बोलावणं आलं तेव्हा तो धसकला. ऑफिसच्या खिडकीतून चार डोकी एकदम बाहेर आलेली त्याने कधी पाहिली नव्हती. आपलं काही चुकलं असणार. तो चप्पल दाराबाहेर काढून आत आला आणि कोणी विचारण्याआधीच त्याने जबाब दिला.

"गुरजी, एक बी मानूस दांडा फिरवल्याबिगर आत गेला न्हाय. तुमीच सांगलेलं. दूधवाला जातो त्यो बी फिरवूनच जातो."

श्रीनाथांनी विचारलं, ही माणसं कोण.

"गोदामांतली. सरूकडं जेवाला येतान."

सरू ही देवूची बायको. कॅन्टीन तिचं होतं. केसरीनाथने डोंगराकडचा तुकडा पाड्यावरच्या लोकांकडून घेतला तेव्हा शब्द दिला होता की पार्क आहे तोवर कॅन्टीन पाड्याचं. सोमवारी पाळणे बंद असले तरी तिची चूल बंद नसे. देवूने सांगितलं की गोदामातली माणसं आजची नव्हेत, चार वर्षं येत आहेत.

"चार वर्षं?" श्रीनाथ म्हणाले. "मी रोज इथे असतो. मला कशी दिसली नाहीत?"

देवूला हे सांगणं अवघड गेलं. गुरुजी साडेबाराला घरचा डबा खात आणि दोनपर्यंत ऑफिसचं दार लावून पडत. शिवाय ही माणसं फाटकातून येत नसत. मागच्या भिंतीला भगदाड होतं, त्यातून वाकून थेट कॅन्टीनच्या मागे निघत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी भगदाड बुजवून घेतलं, भोवऱ्याजवळ कोणी भलतं येऊ नये म्हणून. मग देवूने त्यांना फाटकाचा रस्ता दाखवला.

श्रीनाथ हळूच खुर्चीवर बसले. यंत्र त्यांनीच बसवलं होतं, भोवरा त्यांनीच आणला होता, भिंतही त्यांनीच बुजवली होती, तिन्ही एकाच आठवड्यात. परीक्षेत एखाद्या मुलाने एका वेळी तीन गोष्टी बदलून प्रयोग केला असता तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

"देवूकाका, मग त्यांचे चिंचोके का नाही टाकले?" निवेदिताने विचारलं.

देवूने तिच्याकडे नवलाने पाहिलं. एवढी शिकलेली पोर. "ताय, चिंचोका पावन्याचा," तो म्हणाला. "ही तं जेवाला येतान. रोजची मानसां हाईत."

डबीत चौऱ्याहत्तर झाले होते. ताई उठल्या आणि त्यांनी जेवायला कुठे बसायचं ते विचारलं.

*

कॅन्टीनपुढे रांग होती. चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेले पुरुष, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या बाया, कोणाच्या गळ्यात स्कॅनरचं यंत्र अजून लटकत होतं. तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या पडत होत्या. रांगेतला एक जण विचारत होता, मौसी, आज लहसुन की चटनी नहीं है क्या, आणि सरू त्याला मराठीत सांगत होती की कालच्याला दोनदा घेतलीस, आज गप जेव. त्याला ते नीट समजलं.

ज्यांचं जेवण झालं होतं ते बंद पाळण्याच्या सावलीत आडवे झाले होते. तीस-चाळीस माणसं, बूट उशाला घेऊन, ओळीने. कोणी गप्पा मारत नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांना परत जायचं होतं.

सरूने चौबळ कुटुंबाला एकदम येताना पाहिलं आणि हात पुसले. आजचा सोमवार कसला आहे, दोन वाजता काय ठरणार आहे, हे पाड्यावर सगळ्यांना माहीत होतं. तरी तिने आधी गुरुजींनाच गाठलं. "गुरजी, आज डबा न्हाय आनला का?"

श्रीनाथ म्हणाले, आणलाय. आणि तरीही त्यांनी ताट घेतलं, कारण ताईंनी घेतलं होतं. वालाची आमटी होती. ताईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा, मग मान खाली घालून त्या जेवत राहिल्या. आमटी गरम होती.

मग त्यांनी सरूला विचारलं की इथे गोदाम झालं, तर ही माणसं जेवायला कुठे जातील.

"तेंचा काय, आत्याबाय, जातील कुठं बी. आदी ट्रकांच्या सावलीत बिस्किटां खायची, तशी खातील," सरू म्हणाली. ती भाकरी उलटायला वळली आणि पाठ करूनच पुढचं बोलली. "आमी कुठं जायाचा, त्या विचारा."

ताईंनी ते विचारलं नाही.

दोनला पाच मिनिटं होती. आल्हाद फोन हातात घेऊन उभा होता. श्रीनाथ ताटातल्या मिठाकडे बघत होते. निवेदिताला वाटलं, आत्या आता तिच्याकडे बघून काहीतरी बोलतील, शाबासकी किंवा बोलणी, आणि दोन्ही सारखीच वाईट वाटतील.

"अट पूर्ण झाली नाही," ताई म्हणाल्या. "एक तृतीयांश म्हटलं होतं. चार टक्के आले. माझ्या शब्दाप्रमाणे मला सही करायला हवी."

सरूच्या तव्यावर भाकरी करपू लागली होती.

"श्री, तू इतकी वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेस. पेपरात प्रश्नच चुकीचा छापला गेला, तर बोर्ड काय करतं?"

श्रीनाथांनी मान वर केली. "त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना देतं."

"मी विचारलं, माणसं किती वाढली. रोज परत कोण येतं, हे विचारायला हवं होतं. पेपर मी काढला होता, चूक माझी." त्यांनी आल्हादकडे हात पुढे केला. "लाव फोन."

कंपनीचा माणूस बहुतेक फोन हातात घेऊनच बसला असावा. तो बराच वेळ बोलला. ताई ऐकत होत्या, मध्ये हं म्हणत होत्या, आणि डोळ्यांनी पाळण्याखालच्या ओळी मोजत होत्या.

"नाही, आत्ता नाही देता येणार जागा," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचीच माणसं जेवतायत. पंगत बसलेली असताना आमच्यात कोणाला ऊठ म्हणत नाहीत."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"उद्या? उद्याही जेवणार आहेत," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन आल्हादला परत दिला.

सरूने करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली आणि नवी थापायला घेतली. थापताना तिचे हात जरा जोरात पडत होते. रांगेतला चटणीवाला पुढे सरकला तेव्हा तिने न मागता त्याच्या ताटात चटणी टाकली, दोनदा.

जेवणं उरकत आली तेव्हा श्रीनाथ निवेदिताच्या बाकावर येऊन बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सही झाली असती तरी तू सांगितलं असतंस?"

"सांगितलंच की, बाबा. सही होणार असं धरूनच."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना अपेक्षित होतं. ते वेगळं आलं असतं तर त्यांना जास्त लागलं असतं. मग आणखी हळू त्यांनी विचारलं, "ते जे चार टक्के आहेत, त्यात भोवऱ्याचे किती?"

समोरच्या बाकावर आल्हादचं चावणं थांबलं.

"सांगता येत नाही," निवेदिता म्हणाली. "चिंचोके सगळे एका वजनाचे नसतात. गेल्या वर्षी मोजले, यंदा तोलले. माझ्या मापातच पाच टक्के इकडेतिकडे होतील. चार आहेत हेही नक्की नाही."

"म्हणजे शून्य असतील."

"असतील. एखादा टक्का कमीसुद्धा झाला असेल." दुसरं टोक सांगितलं नाही तर उत्तर अपुरं राहिलं असतं. "किंवा नऊसुद्धा असतील."

श्रीनाथ चौबळ उठले. त्यांनी सदरा झटकला, ताट उचललं, आणि पुतण्याच्या बाकाजवळून जाताना थांबून त्याला सांगितलं, "नऊ असू शकतात."

"साडेचार-साडेचार," आल्हाद म्हणाला.

"का म्हणून?"

विद्युल्लताताईंनी रिक्षा बोलवायला सांगितली.